१९९१ च्या निसान ३००झेडएक्सच्या मागच्या ब्रेक डिस्क काही केल्या निघत नाहीयेत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी मिशिगनमध्ये आहे, कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे भाग) काढून झालेत, हातोड्याने बरंच ठोकलंय आणि तरी दोन्ही रोटर, म्हणजे या डिस्क, जागेवरच आहेत. आता ठोकणं थांबवा आणि आधी रोटर कशाने धरून ठेवलाय ते शोधा, कारण या गाडीत तो दोन वेगळ्या जागी अडकतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिली जागा म्हणजे हब, ज्यावर रोटर आणि चाक बसतं तो मधला भाग. रोटरच्या मधल्या भोकात हबचा गोल उंचवटा एकदम फिट बसतो, तिथे आणि मागच्या सपाट भागावर गंज धरला की दोन्ही एकजीव होतात. तुमच्याकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, डेट्रॉइट शहराच्या तर खालीच हजारएक फूट खोलीवर मिठाची खाण आहे, तर तीस-पस्तीस वर्षं ते मीठ खाल्लेल्या गाडीत हे होणारच. दुसरी जागा आत, न दिसणारी. मागच्या रोटरचा मधला टोपीसारखा भाग म्हणजे हँडब्रेकचा छोटा ड्रम आहे, त्यात लायनर असतात, म्हणजे हँडब्रेक ओढला की ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्या. लायनर घासून ड्रमला आतून खाच पडते, कडेला गंजाची धार राहते, आणि रोटर ओढला की लायनर त्या धारेला अडतात. बरणीत हात घालून मूठ आवळली तर हात बाहेर येत नाही ना, अगदी तसं.

ओळखायचं कसं? हँडब्रेक पूर्ण सोडा (हे खूप जण विसरतात), गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना अडण लावा आणि मागची दोन्ही बाजू स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर अजिबात नको. दोन्ही बाजू यासाठी की या गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं मोकळं फिरू न देणारी यंत्रणा) आहे, एकच चाक उचललं तर ते हाताने फिरवताना जड जातं आणि तुम्हाला वाटतं ब्रेकच धरलाय. आता रोटर ओढून बघा. दोन-तीन मिलिमीटर बाहेर येऊन थांबतो, तिरका होतो, तर लायनर धरतायत. केसभरही हलत नाही, तर हबचा गंज.

लायनर धरत असतील तर रोटरच्या तोंडावर एक रबरी बूच दिसेल, ते काढा आणि रोटर फिरवत त्या भोकातून टॉर्च मारा, आत छोटं दातेरी चाक दिसेल. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने एका दिशेने चार-पाच दाते फिरवा, रोटर आणखी घट्ट झाला तर उलटं फिरवा. लायनर पूर्ण आत आले की रोटर बऱ्याचदा हातानेच निघतो. हे न करता नुसतं ठोकलं तर लायनर धरणाऱ्या पिना मागच्या पत्र्यातून उपटून येतात, आणि मग शंभर रुपयांचं काम हजारावर जातं.

हबच्या गंजासाठी रोटरवर दोन आटे पाडलेली भोकं आहेत ना, ती त्याच कामासाठी दिलीयेत. साइझ एम८ (आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट), आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिलिमीटर. आधी टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा, मग मधल्या भोकाच्या कडेला आणि स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या दांड्यांच्या) मुळाशी गंज सोडवणारं चांगलं तेल मारून रात्रभर सोडा, नुसतं डब्ल्यूडी-४० या कामाला कमी पडतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही भोकांत बोल्ट लावा, आट्यांना थोडं ग्रीस, आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळा. एकाच बाजूने जोर दिला तर ओतीव लोखंड (बीड) आहे ते, टोपी तडकते. बोल्ट ताणलेले असतानाच स्टडच्या मधल्या जागेवर मारा, फटके हलके पण बरेच, रोटर फिरवत फिरवत. ताण आणि कंप एकत्र आले की गंज सुटतो, फक्त घणाचे घाव घातले तर सगळा मार बेअरिंगवर जातो. व्हील नट दोन-तीन आटे लावून ठेवा, स्टडचे आटे वाचतात आणि रोटर सुटला तर पायावर येत नाही.

तरीही नाही हलला तर गॅसच्या टॉर्चने फक्त टोपी, मधल्या भोकाभोवती तापवा, एबीएसच्या सेन्सरपासून आणि बेअरिंगच्या सीलपासून लांब. आणि हे मनापासून सांगतोय, जिथे ब्रेक क्लीनर मारलाय तिथे ज्योत अजिबात नेऊ नका. क्लोरीनवाला असेल तर तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, बिनक्लोरीनचा असेल तर सरळ पेट घेतो, आणि तुमचं गंजाचं तेलही पेटतं, तेही आधी पुसा. रोटर नवीनच टाकणार असाल तर शेवटचा उपाय ग्राइंडर, कडेपासून मध्याकडे चीर पाडायची आणि छन्नीने उकलायचं, हबला न लागता, गॉगल लावूनच. ब्रेकची धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपरही नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

निघाल्यावर घाई नको. हबचा सपाट भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा, तिथे राहिलेला गंजाचा पातळ थर रोटरच्या कडेला कितीतरी मोठा होऊन नवीन डिस्कही थरथरते. मग हबच्या तोंडावर आणि उंचवट्यावर अँटी-सीझचा (गंजून चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) अगदी पातळ हात द्या, स्टडला लावू नका, त्याने टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने आवळला त्याचा, अंदाज चुकतो. नट साधारण ८० फूट-पाउंडला आवळा. तेल लायनरवर गेलं असेल तर लायनर बदलाच, आणि नवीन रोटरवर कंपनीचं तेल असतं ते धुऊन काढा. गाडी खाली घेतल्यावर हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.

एवढं करून अडलं तर रोटर किती हलतो आणि रबरी बूच सापडलं का ते कॉमेंटमध्ये लिहा, मी बघतो.