मुलगी चर्चला येत नाही, आम्ही कुठे कमी पडलो?

मराठी ख्रिस्ती घरांतले आईवडील माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा बहुतेकदा हाच प्रश्न घेऊन येतात. संडे स्कूल चुकवलं नाही, दृढीकरण (आपली श्रद्धा मंडळीसमोर स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं, घरात रोज प्रार्थना, आणि आता रविवारी सकाळी मुलं पांघरुणातून बाहेर येत नाहीत. अशाच एका कुटुंबाबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

कुटुंब मूळचं नगर जिल्ह्यातलं, आता पिंपरी-चिंचवडला स्थायिक. वडील कारखान्यात, आई शिक्षिका, मुलगी बावीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. पहिल्या भेटीला आई प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आल्या. संडे स्कूलच्या परीक्षेत पहिला नंबर, सुवर्णवचनांच्या पाठांतरात पहिला नंबर, सुट्टीतल्या बायबल शाळेची प्रमाणपत्रं, शेवटी 2017 सालचं दृढीकरणाचं. एकेक कागद टेबलावर मांडत त्या म्हणाल्या, "मॅडम, बघा ना, एवढं सगळं होतं." वडिलांनी बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं 22:6 हे वचन काढलं. मुलाला योग्य शिक्षण दिलं तर म्हातारपणीही ते त्यापासून ढळणार नाही, असं शास्त्र म्हणतं. "आम्ही आमचं काम केलं. मग हे असं का?"

हे वचन आईवडील वॉरंटी कार्डासारखं पुढे करतात, हे मी वरचेवर पाहते. नीतिसूत्रं हे शहाणपणाचं पुस्तक आहे. जगात साधारणपणे काय घडतं ते सांगतं, हमी लिहून देत नाही. पण दुखावलेल्या माणसाशी पहिल्याच दिवशी शास्त्रावर वाद घालू नये. मी एवढंच विचारलं, "यात 2017 नंतरचं काही आहे?"

नव्हतं. असणार कुठून? मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या समुदायात, तरुण संघ होता, पण त्याचं काम म्हणजे नाताळची सजावट आणि संमेलनाच्या खुर्च्या लावणं. सोळाव्या वर्षी दृढीकरण करून पोरीला प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला) बसवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शिक्षण संपलं. मग मी दोघांना विचारलं, "दृढीकरणानंतर तुम्ही स्वतः शास्त्रातलं नवीन काय शिकलात?" वडील चिडले. "आम्ही मुलीसाठी आलोय." आई मात्र विचारात पडल्या.

मुलगी पुढच्या आठवड्यात एकटी आली. बॅग मांडीवर तशीच धरून बसली, निघायची तयारी असल्यासारखी. तिने सांगितलेली हकिगत तिच्या आईवडिलांनी माझ्यापाशी काढलीच नव्हती. 2021 च्या एप्रिलमध्ये तिचे आजोबा कोविडने गेले. ते दवाखान्यात होते तेव्हा रोज रात्री झूमवर मंडळीची साखळी प्रार्थना चालायची. आजोबा चालत घरी येणार, असं जो तो छातीठोकपणे सांगत होता. दफनाला चारच माणसं जाऊ शकली, ही त्यात नव्हती. पंधरा दिवसांनी नात्यातल्या एका बाईंनी फोनवर सांगितलं, "कुठेतरी विश्वास कमी पडला असणार." हिने आईला विचारलं, "कुणाचा कमी पडला? माझा?" आई म्हणाली, "देवाला असे प्रश्न विचारू नयेत बाळा, प्रार्थना कर."

तिथून पुढे तिने घरात काही विचारलंच नाही. चर्च पुन्हा उघडल्यावर काही रविवार गेली, स्तुतीची गीतं म्हणताना तिला आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागलं, म्हणून थांबली. मधे मैत्रिणीबरोबर एका इंग्रजी फेलोशिपला जाऊन आली. गिटार, मोठा स्क्रीन, उपासनेनंतर कॉफी. "कॉफी चांगली होती," ती म्हणाली. हसली तेव्हा कुठे बॅग खाली ठेवली.

अशा वेळी मी आधी दुसरी गोष्ट तपासते. झोप, जेवण, मित्रमैत्रिणी, कामातलं लक्ष. तरुण मूल चर्चबरोबरच सगळ्यांतून अंग काढून घेत असेल, आठवडेच्या आठवडे उदास असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न म्हणून हाताळत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. प्रार्थना चालू ठेवाच, पण डॉक्टर टाळू नका. या मुलीचं तसं नव्हतं. ती दुःखात होती, रागात होती आणि एकटी पडली होती.

आईवडिलांना हे समजावताना मला अमेरिकन अभ्यासक जेम्स फाउलर यांच्या मांडणीचा उपयोग होतो. 1981 साली त्यांनी श्रद्धेच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यांवर पुढे टीका बरीच झाली, पण त्यातली एक गोष्ट मला रोज दिसते. किशोरवयातली श्रद्धा बहुतांशी आपल्या माणसांकडून घेतलेली असते. तरुणपणी ती हातात धरून तपासावी लागते, आणि तपासताना ती काही काळ बाजूला ठेवलेली दिसते. आईवडिलांना ती टाकून दिल्यासारखी वाटते. आता हे तपासणं कुणाच्या सोबतीने करायचं? संडे स्कूल तर मागे पडलेलं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ती शाळा फोफावली ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब पोरांना सुट्टीच्या दिवशी लिहा-वाचायला शिकवण्यासाठी. आयुष्यभराच्या श्रद्धेचा भार आपण तिच्यावर टाकला आणि निवांत झालो.

आपल्या मंडळ्या नेहमी अशा नव्हत्या. 1842 साली नगरहून 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं ते मोठ्यांनी वाचावं म्हणूनच. नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनांनाही मोठी माणसं बसायची, मुलं मांडीवर पेंगायची. वडिलांना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या पदांचं भारी प्रेम, म्हणून त्यांच्याशी मी टिळकांवरच बोलले. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं त्या बाईंनी स्वतःच्या चालीने काढली. आणि खुद्द टिळक पंचावन्न वर्षांचे असताना, 1917 साली, मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला निघाले, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवून. पंचावन्नाव्या वर्षी ज्याचा शोध चालू होता त्याची पदं आपण गातो आणि बावीस वर्षांच्या पोरीने मात्र सोळाव्या वर्षीच सगळं आवरून ठेवलेलं असावं, असं धरून चालतो. वडील म्हणाले, "टिळकांची गोष्ट वेगळी." असेल.

सल्ला म्हणून मी दोनच गोष्टी सांगितल्या. शनिवारी रात्रीचा "उद्या येणार ना?" हा प्रश्न काही महिने बंद. तो ऐकला की पोरीची जेवणावरची वासनाच उडायची. दुसरं, घरच्या प्रार्थनेत बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 88 वाचायचं, अर्थ न सांगता. या घरात 23, 91 आणि 121 एवढीच स्तोत्रं फिरून फिरून यायची. 88 वं स्तोत्र ही देवाकडे केलेली सरळ तक्रार आहे, आणि ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं. समाधानाची एक ओळही जोडलेली नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. इतकी वचनं तोंडपाठ असलेल्या मुलीला त्यातलं एकही कुणी शिकवलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आईंनी ते वाचलं. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "मलाही राग आला होता गं. बाबा गेले तेव्हा." आजोबा म्हणजे त्यांचेच वडील. हे मुलीने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिचा स्वर तक्रारीचा होता: "मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

पाळकसाहेबांशी मी दोघींना विचारून बोलले. उपासनेनंतर तरुण आणि मोठे एकत्र बसतील, शास्त्रावरचे प्रश्न उघडपणे विचारतील, अशी जागा करता येईल का? त्यांना पटलं. कमिटीला पटायला वेळ लागला. "प्रश्नांनी पोरं बिघडतात" हा आक्षेप आलाच. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत होता, आणि आईवडील तीन दिवस त्याला शोधत होते, याची पाळकसाहेबांनी आठवण करून दिली. महिन्यातला एक रविवार ठरला. सुरुवातीला दहा-बारा जण, त्यात तरुण तीनच.

मुलगी त्यात नव्हती. अजूनही ती कधीतरीच जाते. पण त्या वर्षी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर, म्हणजे सात उद्गारांवर, बोलणाऱ्यांच्या यादीत पाळकसाहेबांनी तिचं नाव सुचवलं, तिने नकार दिला, आणि आई म्हणाल्या, "चौथा शब्द मी घेते." माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? वर्गात रोज बोलणाऱ्या बाई चर्चमध्ये कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. सात मिनिटं मिळालीत, मुलगी मसुदा टाइप करून देतेय आणि प्रत्येक वाक्यावर भांडतेय. शेवटी पुनरुत्थानाची ओळ घालावी असं आईचं म्हणणं, ती ओळ ईस्टरच्या रविवारसाठी ठेव असं मुलीचं. "तुम्ही सांगा मॅडम, कुणाचं बरोबर?" मी म्हटलं, हे तुम्ही दोघींनीच ठरवायचं. वडिलांना विचारलं का? "ते म्हणतात, जास्त लांबवू नका."