कोल्हापुरात नवीन आलायस ना?

हॉटेलांच्या याद्या राहू देत. आधी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जा. म्हशी समोरच बांधलेल्या असतात, थेट पेल्यात धार काढून देतात. कोमट, फेसाळ दूध उभ्यानंच प्यायचं. त्या घोटासोबत येणारा वैरणीचा, शेणाचा वास हाही या शहराचाच, नाक मुरडू नकोस.

मटणाच्या ताटात पांढरा रस्सा आधी पी. नारळाच्या दुधाची, खसखशीची चव मवाळ असते, तांबड्यानंतर ती कळतच नाही. मिसळीबरोबर स्लाइस पाव येईल, कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, मागून घे.

हिवाळ्यात मात्र गुऱ्हाळ चुकवू नकोस. काहिलीत रस आटताना सुटणारा वास बाजारातल्या ढेपेला नाही. आणि उन्हाळ्यात घरमालकीणबाईंनी ताजी कांदा-लसूण चटणी दिली, तर डबा भरून घे.