दुकान येण्याआधी, ते गेल्यावर काय हे विचार

प्रिय मुली,

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या तुझ्या त्या छोट्या गावात वॉलमार्टसारखं मोठं दुकान येऊ घातलंय आणि त्याच्या परिणामांचं टिपण करायचं काम नगर परिषदेने तुझ्याकडे दिलंय, हे वाचून फार बरं वाटलं. फाइल उघडताना वडिलांचं बार्शीतलं किराणा दुकान तुझ्या डोळ्यांसमोर येणारच. म्हणून आधीच सांगतो, मोठ्या दुकानातली स्वस्ताई खोटी नसते. महिनाअखेरीला दूध, डायपर चार पैसे कमी भावात मिळाले तर गरिबाच्या घराला तो मोठा आधार असतो. टिपणाच्या पहिल्याच पानावर हे लिही.

नोकऱ्यांचा आकडा मात्र जपून वापर. नव्या दुकानात किती जण लागले हे कंपनी सांगते. जुन्या दुकानांतून किती जण घरी बसले हे कुणी सांगत नाही. वॉलमार्टबद्दल अभ्यासकांचंही एकमत नाही. एमेक बास्कर यांच्या २००५ च्या अभ्यासानुसार दुकान उघडलं त्या वर्षी काउंटीत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात) किरकोळ व्यापारातल्या सुमारे १०० नोकऱ्या वाढल्या आणि पुढच्या पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या गेल्या. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेगळंच मांडलं: काउंटीतल्या सुमारे १५० नोकऱ्या कमीच झाल्या. दोन्ही निष्कर्ष दे, सोयीचा तेवढा उचलू नकोस. आणि नोकऱ्या मोजताना तासही मोज. आठवड्याला किती तास काम मिळतं, कामाची पाळी किती दिवस आधी कळते, आरोग्य विमा लागू होतो का? कॅशियरना हे विचारायचं तर त्यांचं काम सुटल्यावर, दुकानाबाहेर विचार.

पण माझा खरा आग्रह दुसऱ्याच प्रश्नाचा आहे. दुकान काय घेऊन येणार हे सगळेच विचारतील. ते गेलं तर मागे काय उरेल, हे तू विचार.

नॉर्थ कॅरोलिनातलं ओरिएंटल हे नदीकाठचं जेमतेम हजारभर वस्तीचं गाव. तिथे २०१४ मध्ये वॉलमार्ट एक्सप्रेस, म्हणजे वॉलमार्टचं छोटं दुकान, आलं. चाळीसहून अधिक वर्षं चाललेलं स्थानिक किराणा दुकान २०१५ मध्ये बंद पडलं. जानेवारी २०१६ मध्ये वॉलमार्टने जगभरातली २६९ दुकानं बंद करायचं जाहीर केलं आणि त्यात ओरिएंटलचंही गेलं. जुनं आधीच संपलेलं, नवंही गेलं. त्याच यादीत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीतलं किंबॉलचं दुकान होतं. कोळशाच्या खाणी ओस पडत चाललेल्या त्या भागात ते २००५ मध्ये आलं होतं. ते बंद झाल्यावर लोकांचे पगार तर थांबलेच, पण गरिबांना धान्य वाटणाऱ्या तिथल्या फूड बँकेला दुकानाकडून मिळणारा मालही थांबला. हे मला फार लागतं. निर्णय झाला तो दूर आर्कन्सॉमधल्या बेंटनव्हिलच्या मुख्यालयात, गावाला न विचारता.

दुकान चालू असतानाही एक मेख असते. आमची इमारत रिकामी आहे असं धरून तिची किंमत लावा, म्हणजे मालमत्ता कर कमी बसेल, असा दावा कंपन्या करतात. तिकडे याला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. मिशिगनमधल्या मार्क्वेट टाउनशिपमध्ये लोज या घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या कंपनीने करआकारणीला आव्हान दिलं आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यातच इमारत विकताना ‘इथे स्पर्धक दुकान काढायचं नाही’ अशी अट खरेदीखतात घालण्याची पद्धत आहे. मग दुसरा किराणा यायचा कसा?

म्हणून करसवलत द्यायचीच असेल, तर अमुक वर्षांच्या आत दुकान बंद केल्यास ती परत घेण्याचं कलम, खरेदीखतात अशी अट न घालण्याची हमी आणि रिकामी इमारत पाडायच्या खर्चाची अनामत, हे तिन्ही करारात मागायला परिषदेला सांग. कंपनीचे वकील काचकूच करतील. तरीही मागायला लाव.

बैठकीची तारीख कळव. मसुदा आधी पाठवलास तर करारातलं एकेक कलम आपण फोनवर मिळून वाचू.

तुझे,
सर