पारोचा कडा आणि बोरिवलीची प्रॅक्टिस

या वेळच्या पत्रांत भूतानमधल्या पारोजवळच्या, कड्यावरच्या टायगर्स नेस्टने, म्हणजे तिथल्या लोकांच्या तक्तसांग मठाने, बाकी सगळ्यांना मागे टाकलंय. मग म्हटलं एकाच वेळी सगळी उत्तरं देऊन टाकू, पुण्याच्या मंडळींचे हरिश्चंद्रगडाचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न (मुलुंड) : आम्ही ऑफिसमधले चौघं आहोत. दोघांनी कळसूबाई केलंय, दोघांची मजल माथेरानपर्यंत. पाच दिवस रजा मिळतेय, पुढचेमागचे वीकेंड धरून तक्तसांग करायचंय. ट्रेक तीन-चार तासांचाच आहे म्हणतात, मग पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उरकला तर चालेल ना? खर्च आणि कागदपत्रांचंही सांगा.

"उरकला तर" हा शब्द आधी डोक्यातून काढा. अंतर खरंच फार नाहीये, जाऊन-येऊन साधारण सहा-सात किलोमीटर, चढ पाचशे मीटरच्या आसपास, नुसता आकडा बघितला तर कळसूबाईवाले हसतील. पण कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आणि तक्तसांगचं पार्किंग २६०० मीटरवर, म्हणजे गाडीतून उतरून बुटाची लेस बांधताय तेव्हाच तुम्ही महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकापेक्षा जवळपास हजार मीटर वर आहात, आणि तिथून चढायला सुरुवात. मठ ३१२० मीटरवर. मुंबईहून सकाळी निघालेला माणूस समुद्रसपाटीवरचा, त्याला एकदम तिथे नेऊन सोडलं तर पाय ठीक असतात पण दम पुरत नाही, डोकं दुखतं, रात्री झोप लागत नाही आणि मग ट्रिपभर तोंड वाकडं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, तक्तसांग शेवटाला ठेवा आणि बाकीची ट्रिप त्याच्या आधी अशी लावा की शरीराला सवय होत जाईल. तुमच्या रजेत हे नीट बसतं. शनिवारी मुंबई-बागडोगरा विमान, तिथून गाडीने चारेक तासांत जयगाव, रात्री तिथेच झोपा. रविवारी बॉर्डर ओलांडून फुन्त्शोलिंगहून थिंफू, हा घाटाचा रस्ता आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसा. थिंफू २३०० मीटरच्या आसपास, सोमवार तिथेच काढा, रमतगमत. मंगळवारी दोचुला खिंडीतून पुनाखा. ही खिंड ३१०० मीटरवर आहे, म्हणजे मठाच्याच उंचीवर, तिथे गाडीतून उतरून अर्धा तास चाला, कोणाला काय होतंय ते लगेच कळेल, आणि रात्री झोपायला पुनाख्यात खाली उतरायचं असल्यामुळे त्रास झालाच तर कमी होतो. बुधवारी पारो, गुरुवारी तक्तसांग, शुक्रवारी परत बॉर्डर, शनिवारी विमान. गुरुवारी पावसाचा अंदाज दिसला तर पुनाखा सरळ कापा आणि एक दिवस आधी पारोला पोचा. काही टूरवाले ट्रेक करून उतरलेल्या माणसांना त्याच संध्याकाळी गाडीत कोंबून फुन्त्शोलिंगला आणतात, तसलं पॅकेज घेऊ नका, चार-पाच तास मांडी आखडून बसल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते.

दिल्ली किंवा कोलकात्याहून थेट पारोला विमानानेही जाता येतं. महाग पडतं, पण दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी मिळाली तर हिमालयाची अख्खी रांग दिसते. मात्र मग तुम्ही एकदम २२०० मीटरवर उतरता, म्हणजे ट्रेक शेवटाला हा नियम आणखीनच लागू.

आता प्रत्यक्ष दिवस. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं हे लक्षात ठेवा, ड्रायव्हरने साडेसात म्हटलं की त्यांचे साडेसात. आठच्या आत चालायला लागायचं. सुरुवातीला ओढ्याच्या पाण्यावर आपोआप फिरणारी प्रार्थनाचक्रं आहेत, मग पाईन आणि ओकच्या जंगलातून मातीची वाट. धूळ उडते, पाऊस झाला असेल तर चिखल. पहिला टप्पा कॅफेटेरियापर्यंत, हा चढ सलग आहे आणि इथेच लोक घाई करून फसतात. बोलता बोलता चालता आलं पाहिजे एवढाच वेग ठेवा, बोलणं तुटायला लागलं की थांबा. कॅफेटेरियात चहा घ्या पण ठिय्या मारू नका, कारण मठ दुपारी जेवणाच्या वेळी तासभर बंद असतो आणि नेमके त्याच वेळी दारात पोचलेले बरेच असतात.

त्यानंतरचा टप्पा कोणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते. कॅफेटेरियानंतर अजून चढत चढत तुम्ही मठाच्या समोरच्या कड्यावर येता, मठ अगदी नजरेच्या रेषेत, वाटतं आलंच की, हात लांबवला की मिळेल. आणि मध्ये दरी. मग दगडी पायऱ्यांनी त्या दरीत खाली उतरायचं, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि पलीकडून पुन्हा वर चढायचं. दोन्ही मिळून सात-आठशे पायऱ्या धरा, एका बाजूला रेलिंग असतं. जाताना ज्या पायऱ्या मजेत उतरलात त्याच परतताना चढायच्या आहेत, तेही सगळा जोर संपल्यावर. तुमच्यातल्या माथेरानवाल्यांनी इथल्यासाठी दम राखून ठेवायचा. कळसूबाईवाल्यांनी पुढे पळून वर जाऊन फोटो टाकत बसायचं नाही.

मठाच्या दारात बॅग, मोबाईल, कॅमेरा, काठी सगळं लॉकरमध्ये. आत फुल पँट आणि पूर्ण बाह्यांचा कॉलरवाला शर्ट लागतो, शॉर्ट्स-स्लीव्हलेस चालत नाही, टोपी काढायची. बूट काढल्यावर लाद्या इतक्या गार लागतात की तळवे बधिर होतात, तेव्हा जाड मोजे वेगळे ठेवा, घामाने भिजलेले नकोत. एका देवळातून दुसऱ्यात जाताना पुन्हा उंच पायऱ्या. भिक्खू तांब्यातून ओंजळीत केशरी पाणी देतात, थोडं प्यायचं आणि उरलेलं डोक्यावरून फिरवायचं, आपल्या तीर्थासारखंच, त्यामुळे तिथे गोंधळायचं कारण नाही. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून उडत इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले अशी श्रद्धा आहे, त्या गुहेभोवती १६९२ साली मठ बांधला. १९९८ च्या एप्रिलमध्ये आगीत त्याचा मोठा भाग जळाला, तो पुन्हा उभा करून २००५ मध्ये खुला झाला. ती कड्यावरची वाट चालून आल्यावर हे बांधकाम दोनदा कसं केलं असेल हा प्रश्न तुम्हाला आपसूक पडेल.

कागदपत्रं : पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही, परत सांगते, आधार चालत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. खर्चात लोक विसरतात ती तिथल्या सरकारची एसडीएफ नावाची फी, भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये. भूतानमध्ये तुमच्या पाच रात्री, चौघं, म्हणजे २४,००० इथेच गेले. हॉटेल, गाडी, गाईड वेगळं. मठाचं तिकीटही वेगळं, पॅकेजमध्ये आहे की नाही ते तोंडी नाही, मेसेजवर लिहून घ्या. पैसे बदलायचं टेन्शन नको, त्यांचं न्गुल्ट्रम आपल्या रुपयाच्याच भावाने चालतं.

सीझन मार्च ते मे नाहीतर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जून-जुलैचं स्वस्त पॅकेज मिळतंय म्हणून उडी मारू नका, पाऊस, जळवा, आणि मठ ढगात, म्हणजे एवढं चढून समोर पांढरी भिंत.

प्रश्न (घाटकोपर) : आईचं वय ६७ आहे, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. आम्ही बौद्ध आहोत, तिची खूप इच्छा आहे. घोडा मिळतो असं ऐकलं. न्यावं का?

न्या, पण आईंना आणि स्वतःला आधीच सांगून ठेवा की कॅफेटेरियापर्यंत गेलो तरी ती पूर्ण यात्राच. घोडा मिळतो तो तिथपर्यंतच आणि फक्त चढताना, उतरताना बसवत नाहीत. म्हणजे गुडघ्याला जे सगळ्यात जड जातं, उतरणं, ते पायीच करायचंय. चढणं हृदयाचं काम, उतरणं गुडघ्याचं, आणि तुम्ही दोन्हीची काळजी लिहिली आहे म्हणून जाण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं "भूतानला चाललोय" म्हणू नका, त्यांना ते फिरायचं ठिकाण वाटेल. डायमॉक्स वगैरे, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, मनाने सुरू करायची नाही, सल्फाची ॲलर्जी असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील तर आधी विचारावंच लागतं.

कॅफेटेरियातून समोर मठ स्वच्छ दिसतो. बऱ्याच आज्या तिथे बसून हात जोडतात आणि चहा पिऊन खाली येतात, त्यात कमीपणा काही नाही. पुढे जायचं की नाही ते तिथे बसून ठरवा, मुंबईत बसून नको, आणि ठरवताना "इतक्या लांब आलोय तर" हे वाक्य कोणी बोलायचं नाही. त्यांच्यासोबत थांबायला घरातलं एक माणूस आधीच ठरवा, नाहीतर ऐनवेळी सगळ्यांनाच वर जायचं असतं आणि आई म्हणते मी बसते एकटी. शिवाय पारोतच क्यिचू ल्हाखांग आहे, भूतानमधल्या सगळ्यात जुन्या देवळांपैकी एक, गाडी दारापर्यंत जाते. तिथे आईंना शांत बसायला दोन तास द्या, तो वेळ टूरवाल्याच्या शॉपिंगमधून कापा.

प्रश्न (दादर) : वर रील शूट करता येईल का? ड्रोन नेला तर?

ड्रोन घरी ठेवा. रील समोरच्या कड्यावरून करा, पायऱ्या उतरायच्या आधी, पताका बांधल्यात तिथून, सगळे फोटो तिथलेच असतात. आत मोबाईलच नसतो तुमच्याकडे.

प्रश्न (परळ) : ताई, मी कॉलेजला आहे, भूतानचं बजेट नाही. पण डोंगरातला बौद्ध मठ चालत जाऊन बघायचाय. जवळ काही?

अरे, तू राहतोस त्याच शहरात आहे की! बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली कान्हेरी. गेटपासून चालत गेलास तर सहाएक किलोमीटर, बस असते पण तू बसू नकोस. शंभरावर लेणी आहेत आणि इसवीसनाच्या आधीपासून जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्खूंचा वावर होता. बहुतेक लोक मोठा चैत्य बघतात, बुद्धाच्या उभ्या मूर्तीसमोर फोटो काढतात आणि खाली येतात. तू वर चढ. प्रत्येक विहाराच्या दाराशी पाण्याचं टाकं खोदलंय, ते बघ, कातळावरून पावसाचं पाणी त्यात उतरवणाऱ्या बारीक पन्हळी बोट फिरवलं की हाताला लागतात. आतल्या दगडी बाकावर क्षणभर टेक, भिक्खू यावरच झोपायचे. सोमवारी पार्क बंद असतं, आणि दगड नऊनंतर तापायला लागतो तेव्हा लवकर जा, पाणी दोन लिटर ने, माकडांसमोर पिशवी उघडू नकोस.

ते झालं की भाजे. लोणावळ्याला उतरून पुणे लोकलने मळवली, स्टेशनपासून चालत, पायऱ्या चढून लेणी, आणि अंगात जोर असेल तर तसाच पुढे गायमुख खिंडीतून लोहगड. हा दिवस भरगच्च होतो आणि चढ-उतार दोन्हीचा हिशोब लागतो. पावसाळ्यात कर्जतजवळचं कोंढाणे, धबधबा लेण्याच्या तोंडावरूनच पडतो, पण शनिवार-रविवार टाळ, निम्मी मुंबई तिथेच भिजायला आलेली असते.

वरच्या मुलुंडकरांनीही हे वाचा. तक्तसांगच्या आधीचे दोन महिने दर रविवारी असा एक दिवस काढलात आणि मधल्या वारी बिल्डिंगचे जिने, लिफ्टला नमस्कार करून, चढण्याइतकेच उतरलात तर पारोला पाय कुरकुरणार नाहीत. उंचीची सवय सह्याद्री देत नाही, ती तिथेच हळूहळू होते. बूट मात्र याच रविवारांत घालून मऊ करा, एअरपोर्टवर जाताना नवे कोरे बूट घालणारे कॅफेटेरियात बँडेड मागत फिरतात.

प्रश्न (बोरिवली) : आम्ही शाकाहारी. वाटेत खायला काय मिळतं?

कॅफेटेरियात चहा-बिस्किटं आणि दुपारी साधं शाकाहारी जेवण मिळतं, बाकी वाटेत काही धरून चालू नका. राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे, खजूर खिशात ठेवा, उंचीवर भूक मरते त्यामुळे थोडं थोडं खात राहावं लागतं, पाण्याचंही तसंच. आणि एमा दात्शी, म्हणजे चीजमधली मिरचीची भाजी, जरूर खा, पण तिथे मिरची ही फोडणीची नसून भाजीच असते, तेव्हा आम्ही घरी ठेचा खातो म्हणून ट्रेकच्या आदल्या रात्री वाटीभर हाणू नका, उतरून आल्यावर हाणा.