शीव, हद्द की सरहद्द?

कोलंबियातल्या लेतिसियावरचा लेख मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : या गावाला 'सीमाभागातलं शहर' म्हणू की 'सरहद्दीवरचं शहर'?

मला दोन्ही पटत नाहीत. 'सीमाभाग' म्हटलं की मराठी माणसाला बेळगाव, निपाणी, कारवार आठवतात. तो शब्द त्या लढ्याचा झाला आहे, तो तिथेच राहू द्यावा. 'सरहद्द' म्हटली की चौकी, पहारा, तारेचं कुंपण आलंच. लेतिसियात रस्त्याने चालता चालता ब्राझीलचं ताबातिंगा सुरू होतं. दुकानांच्या पाट्या स्पॅनिशच्या पोर्तुगीज होतात, एवढाच काय तो फरक. दोन्हीकडचे रहिवासी पासपोर्ट न दाखवता बाजारहाटाला ये-जा करतात. समोर अ‍ॅमेझॉनच्या पात्रात पेरूचं सांता रोसा. उलट स्वतःच्या देशाशी लेतिसिया रस्त्याने जोडलेलंच नाही. बोगोता सुमारे १,१०० किलोमीटरवर. विमानाने जा, नाहीतर नदीने.

अशा जागेला आपल्याकडे चांगला शब्द आहे : शीव. 'सीमा'चंच हे बोलीत रुळलेलं रूप. शेताला बांध, तशी गावाला शीव. मुंबई बेट संपून साष्टी जिथे लागायची, त्या ठिकाणाचं नाव अजून शीवच आहे. तेव्हा आजच्या लेतिसियाला बिनदिक्कत 'शिवेवरचं शहर' म्हणा.

इतिहासाच्या परिच्छेदांत मात्र शब्द बदलावा लागेल. हे गाव १८६७ साली वसवलं ते पेरूने. १९२२च्या करारात ते कोलंबियाला द्यायचं ठरलं आणि १९३० साली ताबा दिला गेला. इथे 'हद्द' चपखल बसतो. हद्द ठरते, आखली जाते, गाव एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातं. पेरूच्या लोरेतो प्रांतातल्या लोकांना हा व्यवहार मुळीच मान्य नव्हता. १ सप्टेंबर १९३२ला तिथल्या सशस्त्र नागरिकांनी लेतिसिया ताब्यात घेतलं आणि दोन देशांत युद्ध जुंपलं. जून १९३३पासून वर्षभर गावाचा कारभार राष्ट्रसंघाच्या आयोगाने पाहिला, मग ते कोलंबियाला परत मिळालं. या दोन वर्षांपुरती 'सरहद्द' खुशाल वापरा. आणि 'राष्ट्रसंघ'च लिहा. 'संयुक्त राष्ट्रसंघ' पुढे १९४५ साली आला.

नदीच्या नावाकडेही लक्ष असू द्या. ब्राझीलमध्ये शिरल्यावर हीच नदी मानाउसजवळ रिओ नेग्रो मिळेपर्यंत 'सोलिमोइंस' म्हणवते. मूळ लेखात ते नाव आलं तर वाचक दुसरीच नदी समजेल, म्हणून पहिल्या उल्लेखाला कंसात 'अ‍ॅमेझॉन' द्या.

सांता रोसाला 'बेट' म्हणणं बरोबरच आहे, पण वाद समजावताना ते पुरत नाही. ही नदी गाळ टाकते, काठ खाते, धार बदलते. २०२५ साली पेरूने तिथे स्वतंत्र जिल्हा केला, तेव्हा कोलंबियाने हरकत घेतली : ही जमीन हद्दी ठरल्यानंतर वर आलेली, तिचं वाटप झालेलंच नाही. पेरू म्हणतो, ती आम्हाला मिळालेल्या बेटाचाच भाग. कृष्णाकाठचा शेतकरी अशा गाळाच्या जमिनीला 'मळीची जमीन' म्हणतो. तोच शब्द इथे घाला; भांडण कशावरून आहे ते वाचकाला वेगळं सांगावं लागणार नाही.