ईटन कॉलेजच्या चॅपलमध्ये खरोखर जुनं काय आहे, आणि आत गेल्यावर काय बघावं?

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या ईटन या शाळेचं चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर, पंधराव्या शतकातलं म्हणतात, पण फोटोंमध्ये छत कोरं करकरीत दिसतं आणि खिडक्या आधुनिक चित्रांसारख्या. मग त्यात जुनं काय उरलंय, आणि प्रत्यक्ष गेल्यावर कशाकडे लक्ष द्यावं?

आधी काळ सांगतो. भिंती पंधराव्या शतकातल्या. भिंतींवरची चित्रं १४७९ ते १४८७ या काळातली. छत १९५०च्या दशकातलं. पूर्वेची मोठी खिडकी १९५२ची आणि तिच्या दोन्ही अंगांच्या खिडक्या त्यानंतरच्या. म्हणजे आकारावरून सगळ्यात ‘मध्ययुगीन’ वाटणारं छत हे इथल्या नव्या गोष्टींपैकी आहे, आणि खरा जुना ठेवा खाली, बाकांच्या मागे भिंतीवर आहे. बहुतेक लोक मान वर करून छत बघतात आणि निघून जातात, म्हणून हे आधीच सांगितलं.

ईटनची स्थापना इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये केली आणि चॅपलचं बांधकाम १४४१ मध्ये सुरू झालं. केंब्रिजचं किंग्ज कॉलेजही त्याचंच. हेन्रीने मध्येच आराखडा वाढवला आणि उभं राहिलेलं काम पाडून पुन्हा सुरुवात केली. त्याच्या मनातलं चर्च आजच्या दुपटीहून थोडं अधिक लांब होतं. १४६१ मध्ये त्याची गादी गेली, चौथा एडवर्ड राजा झाला, पैसा आटला. पुढे विंचेस्टरचे बिशप विल्यम वेनफ्लीट यांनी काम तडीस नेलं, पण लांबलचक मुख्य दालनाचा नाद सोडून पश्चिमेला आखूड, आडवं अँटेचॅपल, म्हणजे प्रवेशाकडचं दालन, जोडलं. आज आपण पाहतो तो मूळ आराखड्यातला फक्त क्वायर, म्हणजे वेदीकडचा भाग. लांबीच्या मानाने उंची जास्त वाटते ती यामुळे. मूळ योजनेत चॅपल कुठपर्यंत जाणार होतं ते सांगणारी पाटी समोरच्या इमारतीवर आहे. ती आधी बघा आणि मग आत जा, म्हणजे प्रमाणाचा उलगडा होतो. आत जायला पायऱ्या चढाव्या लागतात, कारण थेम्स जवळ आहे आणि पुराच्या भीतीने जमीन उंच घेतली होती.

शैलीचं नाव पर्पेंडिक्युलर गॉथिक. ओळखायची खूण म्हणजे खिडकीतल्या दगडी उभ्या पट्ट्या तळापासून थेट कमानीपर्यंत सरळ जातात, आणि भिंतीपेक्षा काचेचं क्षेत्र जास्त असतं. कुलाब्याचं अफगाण चर्च पाहिलं असेल तर तिथल्या अरुंद, भाल्याच्या पात्यासारख्या खिडक्या आठवा; ती रीत त्याच्या आधीच्या इंग्लिश गॉथिकची. भिंतीत एवढी मोठी भोकं ठेवायची तर छताचा रेटा कुणीतरी पेलायला हवा. तो बाहेरचे जाड बट्रेस, म्हणजे भिंतीला टेकू देणारे दगडी पुश्ते, पेलतात. त्यांची जाडी पाहिली की कळतं, बांधणाऱ्यांच्या डोक्यात दगडी छत होतं. प्रत्यक्षात बसलं लाकडी.

त्या लाकडी छताला डेथवॉच नावाचा भुंगा लागला. हा भुंगा मुख्यतः जुन्या ओकसारख्या कठीण लाकडात राहतो आणि त्याला ओल लागते. लाकडाला आधी बुरशी लागून ते मऊ झालं की अळ्या आत शिरतात आणि दहा-दहा वर्षंही आतच पोखरत राहतात. बाहेर दिसतात ती साधारण ३ मिलिमीटरची गोल भोकं, आणि तीसुद्धा भुंगा बाहेर पडून गेल्यावर. तोपर्यंत तुळईचा गाभा भुसा झालेला असतो. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक: पन्हळ गळली की पाणी तिथेच मुरतं आणि वरून काही दिसत नाही. कुठल्याही जुन्या लाकडी छताची तपासणी करताना आधी तिथे टोचून पाहावं.

नवं छत फॅन व्हॉल्ट पद्धतीचं आहे. अस्सल फॅन व्हॉल्टमध्ये प्रत्येक खांबापासून उलट्या अर्ध्या शंकूसारखा भाग उमलतो. त्यावरच्या सगळ्या फासळ्यांची वक्रता एकच असते, त्यामुळे दगड घडवायला साचे थोडे पुरतात. समोरासमोरचे शंकू मधल्या सपाट भागाला दाबून धरतात आणि त्या दाबावरच सगळं उभं राहतं. ईटनचं छत असं उभं नाही. ते काँक्रीटचं आहे, त्याला दगडाचा मुखवटा आहे, आणि वरच्या पोलादी कैच्या ते पेलून धरतात. कोरीव कामाला क्लिप्शमचा दगड वापरला आहे. म्हणून त्याला नक्कल म्हणून मोडीत काढू नका. शाळेत मुलं रोज प्रार्थनेला बसतात, तिथे पोखरलेल्या तुळया ठेवता येत नव्हत्या, आणि या भिंतींच्या प्रमाणाला हाच आकार शोभतो. मात्र अस्सल दगडी फॅन व्हॉल्ट म्हणून त्याचा दाखला देऊ नका. त्यासाठी केंब्रिजला किंग्जचं चॅपल बघावं. ते छत जॉन वेस्टेलने १५१२ ते १५१५ मध्ये बांधलं.

आता भिंतीवरची चित्रं. निम्मा वेळ यांच्यासाठी राखून ठेवा. ही दगडावर तैलरंगात काढलेली आहेत, जवळजवळ एकरंगी: करडा, त्याच्या छटा आणि मधूनमधून थोडा रंग. या पद्धतीला ग्रिसाय म्हणतात. चित्रकारांपैकी विल्यम बेकर हे नाव कॉलेजच्या हिशेबांत मिळतं. हात मात्र फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या चित्रकारांच्या, वळणाचा आहे: कपड्यांच्या टोकदार घड्या, खोलीत मागे उघडणारी दारं, प्रत्येक चेहऱ्याला वेगळा भाव. उत्तर भिंतीवर मेरीच्या चमत्कारांच्या सुट्या कथा आहेत. दक्षिणेला एकच सलग कथा चालते, खोटा आळ आलेल्या सम्राज्ञीची. दोन प्रसंगांच्या मधे कोनाड्यात उभ्या असलेल्या मूर्ती दिसतात, त्याही रंगवलेल्याच. खरी खोली वाटावी म्हणून सावल्या नीट बेतल्या आहेत. दक्षिण भिंतीवर कथा सलग असल्याने डोळा लवकर सरावतो.

ही चित्रं टिकली ती त्यांच्यावर चुना फासला म्हणून. धर्मसुधारणेच्या लाटेत मेरीचे चमत्कार भिंतीवर ठेवणं मान्य नव्हतं, तेव्हा १५६० मध्ये कॉलेजच्या न्हाव्याकडून ती पांढरी करून घेतली. चुन्याच्या थराखाली मेणबत्त्यांची काजळी पोचली नाही, ऊन पोचलं नाही, कुणाचा हात लागला नाही. मोठं नुकसान सापडल्यावर झालं. १८४७ मध्ये नवे आसनांचे मांडव बसवताना चित्रं उघडी पडली. त्या वेळी दोन ओळी होत्या; काय आहे हे कळण्याआधीच कामगारांनी वरच्या ओळीतलं बहुतेक खरवडून काढलं. उरलेली खालची ओळ मांडवांमागे पुन्हा झाकली गेली. ती १९२३ मध्ये मांडव काढून मोकळी केली. तेव्हा कॉलेजचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख, होते एम. आर. जेम्स, मध्ययुगीन चित्रविषयांचे गाढे जाणकार. त्यामुळे कथा कोणत्या, याचा उलगडा नीट झाला.

अशा चित्रांचं काय बिघडतं तेही लक्षात घ्या, म्हणजे डाग बघताना अर्थ लागेल. तैलरंगाचा थर दगडाला श्वास घेऊ देत नाही. दगडात मागून ओल आली की पाण्याबरोबरचे क्षार थराखाली साचतात, स्फटिक होतात आणि रंगाला पापुद्र्यासारखं उचलतात. चुना काढतानाही तेच: रंग आणि चुना यांची पकड रंग आणि दगड यांच्या पकडीपेक्षा घट्ट झाली असेल तर पातं फिरवताच रंग चुन्याबरोबर येतो. ठिकठिकाणी गेलेले चेहरे आणि पुसट कडा दिसतील, त्या या दृष्टीने बघा.

खिडक्यांचा इतिहास युद्धाचा आहे. डिसेंबर १९४० मध्ये शेजारच्या अप्पर स्कूलवर बॉम्ब पडला आणि ऑर्गनवरची एक खिडकी सोडून सगळ्या काचा फुटल्या. पूर्वेची खिडकी आयर्लंडच्या काचचित्रकार एव्ही होन यांनी केली: खाली शेवटचं भोजन, वर क्रूसारोहण. हिचा लाल आणि निळा सकाळी बघावा, सूर्य मागे असताना. वेदीच्या दोन्ही बाजूंच्या आठ खिडक्यांचं आरेखन चित्रकार जॉन पायपर यांचं आणि काचकाम पॅट्रिक रेंटिएन्स यांचं. उत्तरेला येशूचे चार चमत्कार, दक्षिणेला त्याने सांगितलेले चार दृष्टांत. या जोडीचं आधीचं काम औंडल या दुसऱ्या शाळेच्या चॅपलमध्ये आहे, आणि कॉव्हेंट्री कॅथीड्रलची प्रसिद्ध खिडकीही त्यांचीच.

रेंटिएन्स यांची कारागिरी कळायला एक गोष्ट पुरे. फ्लॅश काच म्हणजे फिक्या काचेवर गडद रंगाचा पातळ थर. नको तिथे तो थर आम्लाने खाऊ दिला की एकाच तुकड्यात गडद आणि फिकट दोन्ही मिळतात, मधे शिशाची रेघ लागत नाही. त्यावर ब्रशाने काळपट काचरंग लावून भट्टीत ६०० अंशांच्या वर भाजतात, म्हणजे तो काचेत मुरतो. भाजणं कमी पडलं तर काही दशकांत रंग झडू लागतो. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात, फटींत पुटी भरतात आणि तयार पॅनल तांब्याच्या तारांनी आडव्या गजांना बांधतात. शिसं मऊ असल्याने मोठं पॅनल स्वतःच्या वजनाने पोट काढतं. गज त्यासाठीच असतात. पायपरच्या खिडकीसमोर उभं राहून शिशाच्या रेघा आणि रंगाच्या कडा वेगळ्या कुठे होतात ते शोधा. जिथे रंग बदलतो पण रेघ नाही, तिथे आम्ल वापरलंय.

शिवाय चित्रकार बर्न-जोन्स यांच्या आरेखनावरून विल्यम मॉरिस यांच्या कारखान्यात विणलेली ‘मागींची वंदना’ (बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष म्हणजे मागी) ही भिंतजाजमही इथे आहे. तिची पहिली प्रत ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजसाठी झाली होती.

शाळा चालू आहे, त्यामुळे भेट आधी ठरवूनच होते आणि सोबत मार्गदर्शक असतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नका. छोटी दुर्बीण न्या: पायपरच्या खिडक्यांचे वरचे भाग नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. चित्रांसाठी ढगाळ दिवस चांगला, कारण दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन आलं की उत्तर भिंतीवर रंगीत कवडसे पडतात आणि करड्या छटा हरवतात. दोन्ही साधायचं तर सकाळी आधी पूर्वेची खिडकी, मग ऊन चढायच्या आत उत्तर भिंत, आणि दक्षिण भिंत शेवटी सावकाश.