पहिल्या अल्बमआधी

प्रिय मित्रा,

बँडच्या पहिल्या अल्बमसाठी कर्ज काढून मोठा स्टुडिओ घ्यावा का, असं तू विचारलंस. आत्ता घेऊ नकोस. ग्लॅम मेटल, म्हणजे भडक मेकअप आणि थाटामाटाचं रॉक संगीत, तुझ्या जिवाभावाचं, म्हणून त्यातल्या पॉइझन या अमेरिकन बँडबद्दलच लिहितो.

ही मुलं पेनसिल्व्हेनियाची. तिकडच्या बारमध्ये वाजवून हात बसल्यावर १९८४ मध्ये एका जुन्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सामान भरून ती लॉस एंजेलिसला गेली. तिथल्या सनसेट स्ट्रिप या क्लबांच्या रस्त्यावर स्वतः पत्रकं वाटायची आणि क्लबमध्ये वाजवायचं, असे दिवस काढले. गिटारवादक मॅट स्मिथ बाप होणार म्हणून घरी परतला. त्याच्या जागेसाठी पुढे ‘गन्स अँड रोझेस’मध्ये गाजलेला गिटारवादक स्लॅशसुद्धा वाजवून दाखवून गेला होता! पण निवड झाली सी. सी. डेव्हिलची. सांगितलेली गाणी सोडून त्याने स्वतःची एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून, वाजवली होती. तीच पुढे त्यांच्या ‘टॉक डर्टी टू मी’ या गाण्याची रिफ झाली.

१९८६ मध्ये एनिग्मा या छोट्या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम ‘लुक व्हॉट द कॅट ड्रॅग्ड इन’ काढला. रेकॉर्डिंग जेमतेम बारा दिवसांत उरकलं, खर्च सुमारे २३ हजार डॉलर. त्या काळच्या लॉस एंजेलिसच्या मानाने ही रक्कम किरकोळच. बारा दिवसांत गाणं घडवता येत नाही, घडलेलं गाणं फक्त टिपता येतं. आणि त्यांची गाणी क्लबमधल्या गर्दीसमोर आधीच तावूनसुलाखून निघाली होती.

अल्बम नीट ऐक. वाजवणं ठिकठिकाणी कच्चं आहे, गायक ब्रेट मायकल्सच्या आवाजाचा पल्लाही फार मोठा नाही. तरी मला तो मनापासून आवडतो, कारण कोरस आला की आपण आपोआप गायला लागतो. मेकअपवरून त्यांना हिणवणाऱ्यांचं ऐकू नकोस. तो थाटही गाण्यांइतकाच मेहनतीने उभा केलेला होता.

यश मात्र लगेच आलं नाही. ‘क्राय टफ’ हे पहिलं सिंगल, म्हणजे अल्बममधून वेगळं काढलेलं गाणं, चाललं नाही. १९८७ मध्ये ‘टॉक डर्टी टू मी’ अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत नवव्या क्रमांकावर गेलं, अल्बम अल्बमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि अमेरिकेत त्याच्या तीस लाखांवर प्रती गेल्या. पहिलं गाणं पडल्यावर भांडून बँड मोडला असता, तर हे काहीच झालं नसतं. तुमच्या चौघांत आत्ताच कुरबुरी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

तुमच्याकडे नऊ गाणी आहेत, पण त्यातली लोकांसमोर किती वाजवलीत? वर्षभर मिळेल तिथे वाजवा, कॉलेजच्या गॅदरिंगपासून छोट्या कॅफेपर्यंत. ज्या गाण्याला लोक पाणी प्यायला उठतात, ते पुन्हा लिहा किंवा सोडून द्या. कर्जाचे पैसे वाचतील, त्यातून ड्रमरला बरी झांज घेऊन दे. त्याची फुटलेली झांज प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते.

पुढच्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग पाठव. लोक कुठे गायला लागतात ते आधी ऐकू, स्टुडिओचं त्यानंतर बघू.

तुझा,
सर